सातबाऱ्यात न मावणारं पाणी

२०२३ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि वर्तमानपत्रांच्या आतल्या पानावर छोट्या चौकटीत येऊन गेला. १९९३ ते २०१० या काळात माणसाने जमिनीतून इतकं पाणी उपसलं की त्यामुळे पृथ्वीचा भ्रमणध्रुव, म्हणजे तिच्या फिरण्याच्या आसाचं टोक, सुमारे ८० सेंटिमीटर सरकला, असं त्यात म्हटलं होतं. उपशाचा अंदाज २,१५० अब्ज टनांचा. उपसलेलं पाणी पिकांतून, गटारांतून, नद्यांतून अखेर समुद्राला जाऊन मिळतं. एवढं वजन एका जागेवरून उठून दुसरीकडे गेलं की फिरणाऱ्या गोलाचा तोल बदलणारच. ध्रुव हलवण्यात ज्या दोन प्रदेशांचा वाटा मोठा निघाला, त्यांतला एक अमेरिकेचा पश्चिम भाग आणि दुसरा आपला वायव्य भारत.

वायव्य भारतात महाराष्ट्र येत नाही, असं म्हणून अंग काढून घेता येईल. पंजाब-हरियाणाकडे बोट दाखवायला काही पैसे पडत नाहीत. पण अख्खा भारत जमिनीखालचं पाणी वापरण्यात जगात पहिला आहे. चीन आणि अमेरिका मिळून जेवढं उपसतात त्याहून आपला उपसा जास्त. त्यात सासवडच्या पुढे असलेल्या माझ्या आजोळचा हिस्सा किती, हे कुणी मोजलेलं नसलं तरी तो शून्य नाही, हे मी पैजेवर सांगते.

वितळणारे हिमनग, वातावरणातला कार्बन, तापमानवाढीची दीड अंशाची मर्यादा हे सगळं मी वाचते, मला ते पटतंही. २०२४ हे औद्योगिक युगापूर्वीच्या तुलनेत दीड अंशापलीकडे गेलेलं पहिलं वर्ष ठरलं, तेव्हा काळजीही वाटली. तरी ती काळजी जरा लांबची राहते. उपशाचं तसं नाही. उपसा म्हटलं की मोटारीचा आवाज येतो, कुणाच्या तरी बांधावरून गेलेली काळी पाइप दिसते, आणि मामाचा चेहरा.

आधी दगडाबद्दल सांगायला हवं, कारण पाण्यावर तावातावाने बोलणारे निम्मे लोक दगड विसरतात. पंजाबच्या खाली शेकडो मीटर जाडीचा नद्यांचा गाळ आहे. आपल्याखाली काळा कातळ. महाराष्ट्राचा सुमारे ८२ टक्के भाग बेसॉल्टवर बसला आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर असा वाहिला आणि थिजला, तो हा. बेसॉल्ट स्वतः पाणी फार कमी धरतो. पाणी राहतं ते वरच्या मुरमात, झिजलेल्या खडकात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यांत. म्हणजे आपली मूळ साठवणच तुटपुंजी. मात्र वरचा थर एका बऱ्या पावसात भरतो, हा त्याचा मोठा गुण. म्हणून साध्या विहिरींवर इथे पिढ्यान्‌पिढ्या भागलं. वर्षाचं पाणी वर्षात वापरायचं, पुढच्या पावसाने परत भरायचं.

विहिरीत आणखी एक सोय होती, जिचं महत्त्व मला फार उशिरा लक्षात आलं. विहिरीतलं पाणी दिसतं. संक्रांतीला किती पायऱ्या उघड्या आहेत, होळीला किती, हे गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक असायचं. त्यातून मोट असेल तर उपशाला आपोआप मर्यादा. धावेवरून बैल किती वेळा मागेपुढे जाणार? बैल दमले की थारोळ्यात पडणारं पाणी थांबलं. पुढे ऑइल इंजिन आलं, मग विजेची मोटर आली, आणि न दमणारी गोष्ट शेतात आली. जुनं ते सोनं असं मला अजिबात म्हणायचं नाही. मोटेमागे ज्यांची हाडं झिजली त्यांना कुणी विचारावं, मोट परत आणू का म्हणून.

बोअरचं तर मूळही चांगल्या कामात आहे. १९७२चा दुष्काळ आमच्या घरात अजून ‘बहात्तर’ एवढ्याच नावाने ओळखला जातो. खडी फोडायला गेलेल्या बायका, सुकडी, अमेरिकेतून आलेली मिलो नावाची तांबडी ज्वारी, हे सगळं आजीच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की मी तिथे होते असंच मला वाटतं. विहिरी आटल्या होत्या आणि कातळ फोडून खाली जाणारी यंत्रं त्या सुमारास गावोगाव फिरू लागली. युनिसेफने त्यात मोठी मदत केली. खोल भोकातून पाणी वर काढायला टिकाऊ हातपंप हवा होता, तर त्यासाठी सोलापुरात झालेल्या पंपाचा नमुना पुढे देशभर गेलेल्या ‘इंडिया मार्क टू’चा आधार झाला. जगातल्या कितीतरी देशांत आज तो पंप आहे. सोलापूरकरांनी चादरीइतकाच या पंपाचाही अभिमान बाळगायला हरकत नाही. त्या हातपंपाने बायकांच्या डोक्यावरचे हंडे उतरवले, नारूसारखा रोग हटवायला हातभार लावला. त्या बोअरविरुद्ध माझी काही तक्रार नाही.

पुढे तेच तंत्र प्यायच्या पाण्यावरून पिकाच्या पाण्यावर आलं. आता उन्हाळ्यात रात्री-अपरात्री गावात शिरणाऱ्या बोअरच्या ट्रकवर तमिळ अक्षरं असतात. त्यातले बरेच ट्रक तिरुचेंगोडे या एका गावच्या आसपासचे. देशभर भोकं पाडण्याचा धंदा त्या गावाने उभा केला आहे. ट्रक येण्याआधी पाणाड्या येऊन जातो. तळहातावरचा नारळ उभा राहिला की तिथे दगड ठेवायचा. मग फुटाचा दर, केसिंगचा, म्हणजे भोकात घालायच्या पाइपचा, दर वेगळा, आणि रात्रभर पांढरी धूळ. दोनशे फुटांना लागलं तर बरं, नाही तर तीनशे, पाचशे. मराठवाड्यात आठशे-हजारावर गेलेल्या बोअर आहेत. इतक्या खालचं पाणी एका पावसात भरत नसतं. वर, खोल भोक वरच्या थराचं पाणीही खाली ओढून नेतं, मग शेजाऱ्याची विहीर चांगला पाऊस होऊनही दिवाळीनंतर रिकामी. शेजारी काय करणार? तो विहिरीच्या तळातून आडव्या बोअर मारतो. त्या आडव्या बोअर जमिनीखाली कुणाच्या गटात शिरल्या हे कोण बघतंय?

मी एकदा मामाला विचारलं होतं, कशाला दरवर्षी खर्च करतोस, जरा कमी पाण्याचं पीक घे की. पुरंदरात अंजीर आणि सीताफळ पूर्वापार होतंच. मामाने रागावून नाही, अगदी समजावून सांगितलं, “आगं, मी थांबून उपेग काय? खालचं पाणी माझ्यापाशी थांबतंय व्हय? शेजारचा वडणारच. मग मीच का उपाशी मरू?”

या उत्तरावर माझ्याकडे तेव्हाही काही नव्हतं. मामाला हावरट म्हणता येत नाही, अडाणी तर नाहीच. एका कासंडीत चार नळ्या बुडवून चौघं दूध प्यायला बसले असतील, तर सावकाश पिणारा शहाणा कसा? कायदाही मामाच्या बाजूचा. १८८२चा सुविधाधिकार कायदा इंग्रजांनी केला, त्यात जमिनीच्या मालकाला आपल्या हद्दीत खाली सापडणारं पाणी हवं तेवढं काढून घ्यायची मुभा आहे. नदीसारखं ठरावीक पात्र नसलेलं, झिरपणारं पाणी कुठून येतं-जातं हे त्या काळी कुणाला सांगता येत नव्हतं, तेव्हा जमीन ज्याची त्याचं पाणी असं करून टाकलं. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद होते, बोअरची होते. पण पाणी गट नंबर पाळत नाही. जमीन वाटता येते म्हणून पाणीही वाटलं गेलं असा समज करून आपण दीडशे वर्षं चाललो आहोत. महाराष्ट्राने २००९ साली भूजलाचा नवा कायदा केला आणि शेतीसाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे जेमतेम दोनशे फुटांपेक्षा, खोल बोअर घ्यायला मनाई केली. कायदा चांगला आहे. फक्त रात्री ट्रक आला की फूट मोजायला कुणी उभं नसतं.

आता शाश्वत जीवनशैलीकडे येते. या नावाखाली माझ्यासारख्या शहरी मध्यमवर्गीयाला जे सांगितलं जातं ते मी बहुतेक करते. कापडी पिशवी आहे, स्टीलची बाटली आहे, अंघोळ बादलीने. हे सगळं चांगलंच आहे, आणि आजीच्या घरात ते शाश्वत वगैरे काही न म्हणता चालायचं. पण त्याचं माप ठाऊक असावं. एक किलो उसाच्या साखरेमागे जागतिक सरासरीने सुमारे १,८०० लिटर पाणी लागतं, पावसाचं धरून. बादलीतले चार तांबे वाचवून चहात दोन चमचे साखर घातली की हिशेब कुठल्या कुठे गेला. महाराष्ट्रात लागवडीखालच्या जमिनीच्या चारेक टक्क्यांवर ऊस आहे आणि सिंचनाच्या पाण्यातला निम्म्याहून मोठा वाटा तो घेतो. म्हणून साखर सोडा असंही मी म्हणणार नाही. मी चहा गोड पिते. माझ्या चमच्याने उसाचा एक वाफाही कमी होत नाही, कारण ऊस कुठे लावायचा हे माझ्या कपात ठरत नाही. ते कारखान्याच्या गाळपात आणि भावाच्या हमीत ठरतं. ज्या दुसऱ्या पिकाला अशी हमी नाही, ते लाव असं शेतकऱ्याला कोणत्या तोंडाने सांगायचं?

हिरवे म्हणवले जाणारे उपायही एकेकट्याने वापरले की उलटे फिरतात, हे तर मी गावात डोळ्यांनी बघितलंय. ठिबक आलं. एकरी पाणी कमी लागू लागलं, आणि उरलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर भिजू लागले. जमिनीतून निघालेलं पाणी तेवढंच, किंवा जास्त. शेततळं आलं. पावसाचं वाहून जाणारं पाणी धरायला म्हणून योजना, प्रत्यक्षात प्लास्टिक अंथरलेल्या मोठ्या तळ्यात बोअरचं पाणी भरून ठेवायचं, म्हणजे शेजाऱ्याने ओढण्याआधी ते वर आणून आपल्या नावावर करायचं. उन्हात त्यातलं किती उडून जातं ते वेगळंच. आता सौरपंप. कोळसा जळत नाही, बिल येत नाही, दिवसा पाणी मिळतं, रात्री साप-किरडूत जावं लागत नाही. सौरपंपाचं हे शेवटचं सुख ज्याला कळत नाही त्याने पंपावर बोलू नये. तरीही, ऊन फुकट आणि पाणी कुणाचंच नाही, तर पंप सूर्य मावळल्यावरच थांबणार. कार्बनच्या खात्यावर ही बचत दिसेल, भूजलाच्या खात्यावर ती खर्चात पडते.

मामाच्या प्रश्नाला उत्तर ज्यांनी शोधलं होतं ते त्याच पुरंदर तालुक्यात, नायगावला. विलासराव साळुंखे इंजिनिअर, पुण्यात स्वतःचा कारखाना असलेले. बहात्तरच्या दुष्काळात ते या भागात फिरले आणि लोक दुष्काळी कामावर खडी फोडताहेत, ती खडी पुढे काहीच उपयोगाची नाही, हे त्यांना सहन झालं नाही. त्यांनी नायगावला देवस्थानची चाळीस एकर माळजमीन भाडेपट्ट्याने घेतली. बांधबंदिस्ती केली, पाझर तलाव घेतला, खाली विहीर काढली आणि उजाड माळावर पीक काढून दाखवलं. इथपर्यंत गोष्ट सरळ आहे. पाणलोटाचं काम करून हिरवं केलेलं रान आज आपल्याला ठिकठिकाणी दिसतं. पण साळुंखे इथे थांबले नाहीत, म्हणून मला ते मोठे वाटतात. अडवलेलं पाणी कुणाचं, हा पुढचा प्रश्न त्यांनी विचारला. बहुतेक जण तो टाळतात, कारण त्यात भांडण आहे.

त्यातून १९७४च्या सुमारास पाणी पंचायत उभी राहिली. नियम कागदावर चार ओळींत मावतील असे. पाणी जमिनीवर नाही, माणशी. घरात जितकी माणसं, दरमाणशी अर्ध्या एकराला पुरेल एवढं, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. वीस एकरवाल्यालाही तेवढंच. भूमिहीनालाही वाटा, त्याने तो दुसऱ्याच्या रानात वाट्याने वापरावा. जमीन विकली तर पाण्याचा हक्क जमिनीबरोबर जाणार नाही, तो पंचायतीकडे परत. ऊस लावायचा नाही. योजनेच्या खर्चातला वीस टक्के हिस्सा लाभार्थ्यांनी आधी भरायचा, आणि वाटपाला गावाने नेमलेला पाटकरी.

पुन्हा वाचा आणि १९७४चं गाव डोळ्यांसमोर आणा. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही त्याला पाण्याचा हक्क! जमिनीवाल्याला अडीच एकरांचा कासरा! हे कारखानदार माणसाला सुचलं आणि शेतकऱ्यांच्या गळी उतरलं, याचं मला अजून नवल वाटतं. मला वाटतं ते उतरलं कारण त्यात त्यागाचं आवाहन नव्हतं. मी थांबलो तर शेजारीही थांबणार आहे, एवढी खात्री होती. मामाला हवी होती ती हीच.

सगळ्या योजना टिकल्या नाहीत. विजेची बिलं, पुढच्या पिढीची ओढ, बागायतीचा पैसा, आणि २००२ साली साळुंखे गेले. ओरिसाने पुढे पाणी पंचायत हे नाव घेऊन कायदा केला, पण त्यात माणशी पाणी नाही. आणि पुरंदरात आता मुळा-मुठेचं पाणी उपसा योजनेने डोंगर चढवून येतं, म्हणजे आम्ही पुणेकरांनी वापरून सोडलेलं. ते आल्यावर, कमी पाण्यात वाटून घेऊ असं म्हणणाऱ्याचं कोण ऐकणार? पण बंद पडल्या म्हणून त्या योजनांना भाबडं ठरवणाऱ्यांना मला विचारावंसं वाटतं, की बोअर मारण्याची जी व्यवहारी पद्धत आहे तिच्यातल्या किती बोअर दहा वर्षं टिकल्या?

धुळ्याकडे पांझरेच्या काठी फड पद्धत तर तीनचारशे वर्षं चालली. बंधारा, पाट, पाटाखालची जमीन फडांत विभागलेली, एका फडात एकच पीक, आणि कोणत्या फडाला काय हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं. बहुतेकांचे तुकडे निरनिराळ्या फडांत असल्यामुळे पाणी कमी पडून एक फड कोरडा ठेवला तर ती झळ सगळ्यांना थोडी थोडी बसे. हिवरे बाजारची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, म्हणून लांबवत नाही. चारशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, शेतीला बोअर बंद, ऊस-केळी बंद, आणि पावसाळा संपला की गावासमोर पाण्याचा ताळेबंद. पाऊस कमी तर पिकाखालचं क्षेत्र कमी. कुणी म्हणेल तिथे सरपंच पोपटराव पवार होते म्हणून झालं. खरं आहे. पण दर गावाला एक पोपटराव मिळेपर्यंत थांबायचं असेल तर सरकार नावाची गोष्ट आपण कशाला पोसतो?

सरकारने मनात आणलं तर काय होतं याचं एक टोक सौदी अरेबियात आहे. हजारो वर्षांपूर्वीचं साठलेलं पाणी उपसून त्या देशाने वाळवंटात गहू पिकवला, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तो निर्यातही केला; मग पाणी संपत आलेलं दिसल्यावर २००८मध्ये पाय मागे घ्यायचं ठरवलं आणि २०१६पर्यंत देशी गव्हाची सरकारी खरेदी बंद केली. त्यांच्याकडे तेलाचा पैसा आहे, ते गहू विकत आणतील. त्याच २०१६च्या एप्रिलमध्ये आपल्याकडे मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी जात होतं. पहिल्या गाडीत दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. पाणवठ्यांवर जमावबंदी होती. आणि जिल्ह्यात ऊस उभा होता.

आता आमच्या सोसायटीकडे बघा. पुण्याच्या पश्चिमेकडे, पंधरा वर्षांपूर्वी जिथे ज्वारी होती तिथे. मार्चनंतर टँकर. मागच्या वर्षी सर्वसाधारण सभेत दुसऱ्या, जास्त खोल बोअरचा ठराव आला. मामाचंच वाक्य, फक्त प्रमाण मराठीत: “आपण नाही घेतली तर शेजारची सोसायटी घेणारच आहे.” पुण्यात ‘ॲक्वाडॅम’सारखी संस्था १९९८पासून सांगते आहे की जमिनीखालचा जलधर, म्हणजे पाणी धरून ठेवणारा खडकाचा थर, ही सामायिक मालमत्ता आहे, तो तसाच ओळखला आणि सांभाळला पाहिजे. मी सभेत एवढंच सुचवलं की बोअर मारण्याआधी आहे तिच्या पाण्याची पातळी तरी मोजू आणि आकडा लिफ्टशेजारच्या फळ्यावर लिहू. विहिरीच्या पायऱ्या दिसायच्या, तसं काहीतरी दिसायला हवं. यात खर्च जवळजवळ नसल्यामुळे ठराव मंजूर झाला. पुणेरी सभा आहे.

आकडा फळ्यावर आल्यावर मात्र लोक थांबून बघू लागले. फेब्रुवारीपासून तो खाली जाऊ लागला तसं लिफ्टमधलं बोलणं बदललं. मग शेजारच्या सोसायटीचे सेक्रेटरी आकडा विचारायला आले आणि स्वतःचा देऊन गेले. दोन्ही आकडे जवळजवळ बरोबरीने उतरत होते. तिसरी सोसायटी रस्त्यापलीकडची, तिच्याशी आमचं पार्किंगवरून जुनं वैर. तीही आली.

तिघांची मिळून बैठक झाली. नवी बोअर कुणीच घ्यायची नाही, छतावरचं पाणी तिघांनी एकत्र मुरवायचं, यावर फारशी कुरकूर झाली नाही. गाडं अडलं ते पुढे. एप्रिल-मेमध्ये बोअरचं पाणी वाटायचं कसं? एक बाजू म्हणते फ्लॅटमागे, कारण मेंटेनन्स आम्ही चौरस फुटांवर भरतो आणि मोठा फ्लॅट घेताना पैसे मोजलेत. दुसरी म्हणते माणशी, कारण तीन बेडरूमच्या घरात कधी कधी दोघंच राहतात आणि एका बेडरूमच्या घरात सहा माणसं. शिवाय वॉचमनचं कुटुंब आहे, ते कोणत्याच फ्लॅटमध्ये मोजलेलं नाही. मी माणशीच्या बाजूने आहे, हे सांगायला नकोच. पुढची बैठक गणपतीनंतर ठेवली आहे. तोपर्यंत प्रत्येक सोसायटीने आपल्याकडची डोकी मोजून यादी आणायची, वॉचमनच्या घरची धरून की सोडून, हे अजून ठरायचं आहे.